‘घरचा मामला’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल



क्वार्टरच्या छतातून पाणी गळू लागले की माणूस युनियन ऑफिसात येतो. आपण आयओडब्ल्यूला फोन लावतो (हुद्द्याचे नाव बदलून बरीच वर्षे झाली, पण आपल्या तोंडी अजून आयओडब्ल्यूच आहे). ऐकले नाही तर विषय पीएनएमच्या अजेंड्यावर टाकतो. ड्रेनेज तुंबले, मीटर जळला, नळाला पाणी नाही, सगळ्याला युनियन. मात्र त्याच क्वार्टरच्या भिंतीपलीकडून रात्री बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, भांडी आपटली, पोरे रडू लागली, की सगळी लाइन आपापल्या टीव्हीचा आवाज मोठा करते. दुसऱ्या दिवशी ती बाई सुजलेला डोळा पदराने झाकत युनियन ऑफिसच्या पायरीशी आलीच, तर अनेक शाखांत तिला ठरलेले उत्तर मिळते: “वहिनी, हा तुमच्या घरचा मामला. युनियन यात पडत नाही.”

आम्ही विचारतो, का पडत नाही?

नवरा कोणत्या जोरावर बायकोला दाबून ठेवतो ते जरा मोजून पाहा. क्वार्टर त्याच्या नावावर. पास त्याच्या अर्जावर निघतो, आणि आता तर मोबाइलमधून, म्हणजे ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. दवाखान्याचे कार्ड त्याच्या नोकरीमुळे. पगार त्याच्या खात्यात. या चारही गोष्टी त्याला रेल्वेने दिल्या, आणि त्या मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी युनियन लढली. टपाल खात्यातील आमच्या बांधवांचीही गोष्ट वेगळी नाही. जे हक्क कामगाराच्या कुटुंबासाठी म्हणून मागितले, तेच हक्क कुटुंबातील एका माणसाला कोंडून ठेवायला वापरले जात असतील, तर त्याला घरचा मामला कसे म्हणायचे? क्वार्टर कुटुंबासाठी मिळाले आहे. ते एकट्या कर्मचाऱ्याची जहागीर नव्हे.

आपल्या मराठी माणसांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी टोचते. साताऱ्या-सांगलीकडची, अमळनेर-जळगावकडची मुलगी लग्न होऊन इटारसीला, खरगपूरला, हुबळीला, सिकंदराबादला येते. माहेर दोन गाड्या बदलून. शेजारी कोणी तेलुगू, कोणी बंगाली. पोलिस ठाण्यात गेली तर तिची भाषा तिथल्या जमादाराला कळत नाही आणि त्याची तिला कळत नाही. पास नवऱ्याने काढला तर माहेर, नाही काढला तर बंद दार. तिला आपल्या भाषेत बोलणारे एकच ठिकाण आसपास असते, ते म्हणजे आपले मंडळ, आपली युनियन. आणि तिथेही तिला “वहिनी, समजून घ्या” एवढेच ऐकायला मिळणार असेल, तर गणेशोत्सवात स्टेजवर ‘महिलांचा सन्मान’ म्हणून हळदीकुंकवाचे वाण वाटण्यात काही अर्थ नाही.

आता काही साथी म्हणतील, अशी किती घरे असतील? दोन-चार. आकडे पाहू. केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात चारात एक! दहा क्वार्टरांची एक लाइन धरा आणि हिशोब करा. त्याच पाहणीत विचारले होते की नवऱ्याने बायकोला मारणे एखाद्या तरी कारणाने योग्य आहे का. ४४ टक्के पुरुष ‘हो’ म्हणाले, आणि ४५ टक्के बायकाही ‘हो’ म्हणाल्या. सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, हे बायकांनी सांगितलेले सर्वात मोठे कारण. म्हणजे मार खाणारीलाही आपल्याला मार बसणे रास्त आहे असे शिकवून ठेवले आहे. मालकाने कामगाराला दीडशे वर्षे हेच शिकवले होते. ते खोटे आहे हे त्याला युनियनने सांगितले.

मग येते दारूची सबब. “माणूस चांगला आहे हो, फक्त घेतली की...” ही सबब आम्हाला पाठ झाली आहे. दारू मारहाण वाढवते हे खरेच आहे. वर सांगितलेल्या पाहणीत ज्यांचे नवरे वारंवार पिऊन येतात अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली होती. पण ज्यांचे नवरे थेंबही घेत नाहीत त्यांच्यापैकीही २३ टक्के स्त्रियांनी सोसली होती. त्या २३ जणींच्या घरी कोणती बाटली होती? आणि पिणाऱ्याचेही पाहा. रनिंग स्टाफला साइन-ऑन करताना मशीनमध्ये फुंकर मारावी लागते. तिथे तो बरोबर शुद्धीत असतो, कारण नोकरी जाईल हे त्याला ठाऊक आहे. प्यायलेला माणूस सेक्शन इंजिनिअरच्या अंगावर जात नाही, आरपीएफच्या अंगावर जात नाही. त्याचा हात बरोबर घरातल्या बाईवरच उठतो. कुठे उठवला तर काही होणार नाही याचा हिशोब त्याला नशेतही जमतो.

ड्युटीच्या ताणाचीही तीच गत. सोळा-सोळा तास ड्युटी, रेस्ट नाही, रजा नामंजूर, हे सगळे खरे आणि त्यासाठी आम्ही भांडतच आहोत, भांडत राहू. पण ताण ट्रॅकवुमनलाही आहे. दहा किलोमीटर चालून, चाव्या ठोकून, घरी येऊन ती भाकऱ्या थापते. तिने नवऱ्याचे डोके फोडल्याची केस आमच्याकडे अजून आलेली नाही.

तिसरी सबब कायद्याच्या दुरुपयोगाची. ४९८अ म्हटले की आपल्यातले भलेभले साथी एकदम वकील होतात. १९८३ साली आलेले हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. दुरुपयोग होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात आपोआप अटक करू नका असे पोलिसांना बजावले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुरुपयोगाबद्दल ताशेरेही ओढले. निर्दोष माणूस अडकला तर त्याच्या बाजूने उभे राहणे हे युनियनचे कामच आहे. पण एवढा आरडाओरडा करणाऱ्यांनी त्याच पाहणीतला आणखी एक आकडा वाचावा. हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी ७७ जणींनी कुणाचीही मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या फक्त १४. त्याही आधी माहेरी सांगतात, पोलिसांकडे फार थोड्या जातात. शंभरात ७७ तोंडे बंद, आणि आपण चर्चा करतो ती खोट्या तक्रारींची! मेडिकल बिलात कोणी लबाडी केली म्हणून रेल्वेचे दवाखाने बंद करा असे आपण कधी म्हटले आहे काय?

मार बसल्यावर काय करायचे हे सगळे सांगतात. मार बसूच नये म्हणून काय करता येते, यावर जगात अभ्यास झाले आहेत आणि त्यांतले काही आपल्या फार उपयोगाचे आहेत. युगांडाच्या कंपाला शहरातील गरीब वस्त्यांत ‘सासा’ नावाचा कार्यक्रम चालला. बाहेरून साहेब येऊन भाषण ठोकून गेले असा प्रकार नव्हता. वस्तीतलेच बायका-पुरुष तयार केले, आणि ते शेजाऱ्याशी, दुकानदाराशी, मित्राशी चहाच्या टपरीवर बसून बोलत राहिले, महिनोन् महिने, वर्षानुवर्षे. बोलायचे काय? तर घरात जोर कुणाचा, तो कसा वापरला जातो, आणि शेजाऱ्याने गप्प का बसावे. काही वस्त्यांत कार्यक्रम घेतला, काही वस्त्यांत मुद्दाम थांबून तुलना केली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत नवऱ्याकडून होणारी मारहाण दुसऱ्या वस्त्यांच्या निम्म्यावर होती. दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांताच्या खेड्यांत बायकांना छोटी कर्जे दिली, आणि नुसती कर्जे न देता त्यासोबत घरातल्या हिंसेवर बैठका घेतल्या. दोन वर्षांत तिथली मारहाणही निम्म्याहून खाली आली. २००६ सालचा हा अभ्यास आहे.

यात नवल काय? चहाच्या टपरीवर बोलून माणूस जोडणे, एकट्याला गटात आणणे, भीती मोडणे, हे आपले रोजचे काम आहे. कंपालात जे माणसे शोधून, शिकवून उभे करावे लागले ते आपल्याकडे तयार आहे. प्रत्येक डेपोत, लॉबीत, सॉर्टिंग ऑफिसात, कॉलनीत आपला माणूस आहे. आणि पोस्टमन तर दररोज दारोदार जाणारा. कोणत्या घराचे दार हल्ली अर्धेच उघडते, कोणती बाई सही करताना हात लपवते, ते त्याच्याइतके कुणाला दिसते? त्याने कुणाच्या घरात घुसावे असे आम्ही म्हणत नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, तेवढा एका चिठ्ठीवर लिहून देणे त्याला जमेल की नाही?

शेजाऱ्यांसाठी तर काम अगदी सोपे आहे. २००८ साली देशात ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती. शेजारी मारहाण ऐकू आली तर जाऊन बेल वाजवायची, वाटीभर साखर मागायची, किती वाजले विचारायचे. आतल्याला कळले पाहिजे की बाहेर ऐकू येते आहे. आपल्या क्वार्टरांच्या भिंती कशा आहेत ते आपल्याला माहीत आहे. ऐकू आले नाही असे म्हणण्याची सोय ठेकेदाराने ठेवलेलीच नाही.

आणि हे सगळे परदेशातून आणलेले फॅड आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शहादा-तळोद्याकडे पाहावे. १९७२-७३च्या सुमारास तिथल्या आदिवासी शेतमजूर बायका श्रमिक संघटनेत मजुरीसाठी, जमिनीसाठी उतरल्या. शिबिरांत एकत्र बसल्यावर मजुरीच्या जोडीला घरचे दुखणेही बाहेर आले. मग त्या गटाने दारूच्या गुत्त्यांवर गेल्या, मडकी फोडली, आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावापुढे उभे करून जाब विचारला. ती कामगारांचीच संघटना होती. मजुरीची लढाई त्यामुळे फुटली असे कोणी सांगू शकत नाही, उलट बायका आल्या म्हणून ती पसरली. मे १९७४च्या रेल्वे संपात पोलिस कॉलन्यांत घुसले, सामान रस्त्यावर फेकले, तेव्हाही दारात बायकाच उभ्या होत्या.

कायद्याचे थोडे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यातली काही कलमे प्रत्येक शाखा सेक्रेटरीला डीए रूल्सइतकी पाठ हवीत. कलम १७ प्रमाणे बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. बदली करून घेऊन क्वार्टर सोडून देतो आणि बायकोला रस्त्यावर आणतो अशी धमकी देणारे काही महाभाग आहेत. कलम १९ खाली कोर्ट त्याला तसे करण्यापासून रोखू शकते. कलम २० खाली पगारातील रक्कम परस्पर बाईला द्या किंवा कोर्टात भरा असा हुकूम कोर्ट थेट नोकरी देणाऱ्याला करू शकते, म्हणजे आपल्या बिल सेक्शनला. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कलम ४ शेजाऱ्यांसाठी आहे: हिंसा होते आहे किंवा होईल अशी खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. “उगाच कोर्टकचेरी मागे लागेल” म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे कापून खिशात ठेवावे. महाराष्ट्राबाहेर असाल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे का ते शाखेने आजच पाहून ठेवावे. तिथे पोलिस, वकील, दवाखाना, निवारा एका ठिकाणी मिळावा अशी योजना २०१५ पासून आहे.

कायद्यातली एक लाज मात्र तशीच आहे. बायको अठरा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. २०२४ साली जुनी दंडसंहिता गेली, नवी आली, पण ही सूट नव्या संहितेच्या कलम ६३ मध्ये जशीच्या तशी उतरली. घराचा उंबरठा ओलांडला की नकाराला किंमत नाही, असा हा हिशोब. आमचा त्याला विरोध आहे.

दवाखान्याचा मुद्दा यातच येतो. मुंबई महापालिकेच्या वांद्र्यातील भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेच्या सहकार्याने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, त्याला आता पंचवीस वर्षे झाली. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणून येणाऱ्या बाईला नर्सने बाजूला घेऊन दोन शब्द नीट विचारायचे, एवढ्यापासून ते काम सुरू होते. महापालिकेच्या दवाखान्याला जमते ते रेल्वे हॉस्पिटलला का जमू नये? रेल्वेच्या दवाखान्यात तर तीच बाई, तेच कार्ड, तिसऱ्यांदा पडली हे रजिस्टरमध्येच दिसते.

आता घराबाहेरचे. बलात्कार म्हटले की अंधारातला अनोळखी गुंड डोळ्यांपुढे येतो. सरकारी गुन्हे नोंदी दरवर्षी सांगतात की दर शंभर घटनांपैकी नव्वदाहून अधिक घटनांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, वरिष्ठ, सहकारी. म्हणून नुसते कॅमेरे आणि दिवे लावून भागणार नाही. ते लावलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तामिळनाडूत तेनकासी जिल्ह्यात रात्रीच्या ड्युटीवरील गेटकीपर भगिनीवर हल्ला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात ड्युटीवरील डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. एकाकी गेटवर, रानातल्या केबिनमध्ये बाईला एकटी रात्रपाळी देणारे प्रशासन तिच्या जिवाशी खेळते. पण महिलांना तिथे लावूच नका, हा साहेबांचा शॉर्टकट आम्हाला मान्य नाही. तो मान्य केला तर उद्या भरतीच बंद होईल. गेटवर दुसरा माणूस द्या, चालू फोन द्या, दाराला आतून कडी द्या, संडास द्या.

आणि कायदा कुणामुळे आला ते विसरू नका. आपल्या गोंदिया-बल्लारशा लाइनवरचे वडसा, म्हणजे देसाईगंज. १९७२ साली तिथल्या पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला, कारण तिने सरकारी ‘साथिन’ म्हणून बालविवाह रोखण्याचे काम केले. ती ड्युटी करत होती. तिच्या प्रकरणातून १९९७ साली विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ सालचा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा. कामगार बाईच्या अंगावरच्या जखमेतून आलेला हा कायदा युनियनने परका मानावा, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. कागदावर समित्या आहेत. पण साठ किलोमीटरवरच्या शाखा डाकघरात एकटीने काम करणाऱ्या ग्रामीण डाक सेविकेला विभागीय कार्यालयातली समिती कोण हे माहीत असते का? तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, फार तर आणखी तीन महिने मिळतात. तिला हे सांगायचे कुणी? चौकशी चालू असताना नव्वद दिवसांपर्यंत खास रजा मिळू शकते आणि ती तिच्या रजा खात्यातून वजा होत नाही, हा केंद्र सरकारचा २०१७चा आदेश किती शाखांच्या फलकावर लागला?

उलट होते काय, तर आरोपी आपला जुना सभासद, वर्गणी वेळेवर देणारा, मोर्चात झेंडा धरणारा. मग त्याच्यासाठी शाखेचा सगळ्यात हुशार डिफेन्स हेल्पर उभा राहतो, आणि तक्रार करणारीला, तीही सभासदच बरे, दोन पदाधिकारी घरी जाऊन सांगतात, “ताई, त्याच्या पोराबाळांकडे बघा.” आरोपीला बचावाचा हक्क आहे, तो आम्ही कुणालाही नाकारणार नाही. पण पदाधिकाऱ्याने तक्रार मागे घ्यायला लावणे हा बचाव नाही, ती दमदाटी आहे. आमचा प्रस्ताव असा: आरोपीला हेल्पर दिला तर तक्रारदार भगिनीलाही तितकाच जाणकार माणूस दिला पाहिजे, आणि तडजोडीला घरी जाणाऱ्या पदाधिकाऱ्याचे पद त्या दिवशी गेले पाहिजे.

मागण्यांचेही बोलू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये १९०वा करार मंजूर केला. कामाच्या जगातील हिंसा आणि छळ याबद्दलचा हा पहिला करार. त्यात घरातल्या हिंसेचा कामावर परिणाम होतो हे मान्य केले आहे. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. फिलिपीन्समध्ये २००४ पासून, न्यूझीलंडमध्ये एप्रिल २०१९ पासून आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२३ पासून हिंसा सोसणाऱ्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा आहे. ऑस्ट्रेलियात ती युनियन्सनी वर्षानुवर्षे भांडून मिळवली. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या निवृत्तिवेतन खात्याने एक चांगला बदल केला. नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा किंवा हिंसेचा खटला चालू असेल तर महिला कर्मचारी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवऱ्याच्या आधी मुलांचे नाव देऊ शकते. मारणाऱ्यालाच तिच्या मरणानंतर पेन्शन, ही थट्टा त्याने थांबते. हा बदल किती भगिनींना ठाऊक आहे हे शाखांनी विचारून पाहावे.

तेव्हा पुढील सर्वसाधारण सभेत प्रत्येक शाखेने ठराव आणावा. दहा दिवसांच्या रजेची मागणी, हिंसेची तक्रार असलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला स्वतःच्या अर्जावर पास, रेल्वे हॉस्पिटलात ‘दिलासा’सारखी खिडकी, एकाकी गेटवर दुसरा माणूस. महिला सभासदांची बैठक आधी घ्यावी आणि ठरावाचा मसुदा त्यांनी करावा. आपण फक्त सह्या कराव्यात आणि तो पीएनएमला न्यावा. ठरावाची प्रत महिनाअखेरपर्यंत विभागीय कार्यालयात पोचली पाहिजे, म्हणजे पुढच्या बैठकीच्या अजेंड्यात विषय घालता येईल.